लिहिलंय तेवढंच

आत्याच्या पर्समध्ये खोकल्याच्या गोळ्या. तिला खोकला नव्हता.

*

संगणक विभागाच्या दारावर रंगाने लिहिलेलं वाक्य: यंत्राला माया नसते. त्याखाली कुणीतरी पेनाने: म्हणून तर ते रागावतही नाही.

*

काका चालवायचे ती बस रोज कॉलेजच्या फाटकासमोर थांबायची. माणसं चढायची, उतरायची. तेवढा वेळ काका उजवीकडचा आरसा पुसत राहायचे. तो आरसा अख्ख्या डेपोत सगळ्यात स्वच्छ होता.

*

जेवणाच्या खुर्च्या, बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्या, शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या खुर्च्या. ओळीने मांडलेल्या. एकीवर स्वयंपाकाचं पुस्तक, एकीवर जुनी टेलिफोन डिरेक्टरी, एकीवर आजी, उठायला तयार नसलेली.

*

लाल पेन्सिल. ऑपरेशनआधी पेशंटच्या बोटातली अंगठी काढून घेतात, तशी ती आईने कॉलेजच्या फाटकात बाबांच्या खिशातून काढून घेतली.

*

परीक्षेचं कागदोपत्री नाव ‘आज्ञापालन’. मुलं तिला नुसतं ‘हात’ म्हणत. तयारीच्या वर्षाच्या शेवटी ती व्हायची, कॉलेजच्या प्रार्थनागृहात, सगळ्यांच्या देखत. विद्यार्थ्याने एक काम ओळीओळीने कागदावर लिहायचं, आणि संगणकातलं ओ की ठो न कळणाऱ्या घरच्या माणसाने ते जसंच्या तसं करून दाखवायचं. तो माणूस म्हणजे ‘हात’. हातांनी आपली अक्कल घरी ठेवून यायची. लिहिलंय ते करायचं, लिहिलेलं नाही ते करायचं नाही. अडलं तर उजवा हात वर करून म्हणायचं, "पुढे लिहिलेलं नाही." मग कागद विद्यार्थ्याकडे परत जाई आणि तिथल्या तिथे दुरुस्तीची एक संधी मिळे. अडण्याबद्दल गुण कापत नसत. पण हातांनी मायेपोटी कागदाबाहेरचं काही केलं, की परीक्षा तिथेच संपे. विद्यार्थी कार्यालयीन कामकाजाच्या शाखेत. संगणकाचं दार बंद.

फिरकीला ते दार लहानपणापासून हवं होतं. घरातली एकही वस्तू तिने स्क्रू फिरवून, उघडून पाहायची ठेवली नव्हती. नाव तसं पडलं ते त्यामुळेच. या मिशन कॉलेजातून निघालेल्या मुलांना विमानतळांची, दवाखान्यांची यंत्रणा सांभाळणाऱ्या कंपन्या डोळे झाकून घेत. इथली मुलं फार हुशार असतात म्हणून नव्हे. इथली मुलं चूक लपवत नाहीत म्हणून. रोज सकाळी प्रार्थना झाली की एकेकाने उभं राहून कालच्या प्रोग्राममधली आपली चूक सांगायची, बाकीच्यांनी ‘आमेन’ म्हणायचं आणि वर्गात जायचं. फिरकीने हे पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा आजीने हातातला पेला खाली ठेवला होता.

"चारचौघांत?" ती म्हणाली. "देवाला सांगितलं की पुरत नाही का?"

कारण या घराण्यात चूक सांगायची पद्धत नव्हती. सांभाळून घ्यायची होती. आजीचा स्वयंपाक करपला की सगळे मागून घेऊन खात. आत्या शाळेत नापास झाली तेव्हा आजोबांनी तिला निकाल विचारला नाही, आणि तिला एकटं वाटू नये म्हणून पुढे कधी कुणालाच विचारला नाही. काकांनी गाडी शिकताना शेजाऱ्याचं कुंपण पाडलं, तर सकाळी कुंपण जागच्या जागी उभं, आणि आजतागायत त्यावर कुणी ब्र काढलेला नाही.

बाबांनी तर या गुणावर पोट भरलं. ते मुद्रितशोधक होते. औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवतात त्या कागदांचे कच्चे खर्डे वाचायचे, चूक दिसली की लाल पेन्सिलीने गोल करायचा, बाजूला बरोबर शब्द लिहायचा. चूक कुणी केली हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि आपण ती काढली हे कुणाला सांगितलं नाही. हॉटेलात गेले तर मेन्यू कार्ड सुधारून परत येत.

म्हणूनच फिरकीने हातांसाठी ज्या तीन माणसांची नावं दिली त्यांत बाबा नव्हते. आई होती, आत्या होती आणि काका होते. तिघांतून चिठ्ठीने एक निवडणार. बाबांना ते कळलं तेव्हा ते "बरोबर आहे" म्हणाले आणि उठून नळाचा वॉशर बदलू लागले. नळ गळत नव्हता.

मग काकांनी नकार दिला. फिरकीला त्यांनी एवढंच सांगितलं म्हणे, की मी त्या फाटकाच्या आत जाणार नाही, दुसरं काहीही माग. घरात कुणाला नवल वाटलं नाही. काकाही कधीकाळी त्याच कॉलेजात होते. तेव्हा संगणक कपाटाएवढा असे आणि परीक्षा हीच होती, प्रार्थनागृहही हेच. हात होते आजोबा, म्हणजे काका-बाबांचे अण्णा. घरात सांगतात ते असं, की काकांच्या कागदात एक ओळ उलटी पडली होती, आजोबांच्या ते लक्षात आलं, त्यांनी ती करताना गुपचूप सुलटी केली आणि पकडले गेले. पोरगा कॉलेज सोडून बसवर गेला. आजोबा जाईपर्यंत त्या दोघांत त्याबद्दल एक अक्षर बोलणं झालं नाही. त्या दिवशी बाबा हाफ पँटीत आजीच्या शेजारी बाकावर बसले होते. त्यांना वडिलांचा कपाळ पुसणारा रुमाल तेवढा आठवत होता.

तर काकांच्या जागी बाबांचं नाव घालावं लागलं. हौसेने नव्हे, दुसरं कुणी उरलंच नव्हतं. आजीचे गुडघे चालत नव्हते.

*

रविवारी प्रार्थना आटोपून सगळे घरी जमले आणि तालीम सुरू झाली. काकाही आले होते. ते खिडकीशी ताट घेऊन बसले, जणू हे सगळं दुसऱ्याच कुणाच्या घरी चाललंय.

काम साधं होतं. उपासनेआधी प्रार्थनागृहातल्या खुर्च्यांवर गीतांची पुस्तकं मांडायची. आई पहिली उभी राहिली. ती नर्स; डॉक्टरने लिहिलेलं वाचून तेवढंच करायची तिला आयुष्यभराची सवय. तिने एकही पाऊल इकडचं तिकडे टाकलं नाही. आत्याही बरी निघाली. फक्त प्रत्येक पुस्तक ठेवताना ती खुर्ची पदराने पुसायची, आणि फिरकी म्हणायची, आत्या, पुसा असं लिहिलेलं नाही.

मग बाबा. फिरकीने कागद दिला. बाबांनी पहिली ओळ मोठ्याने वाचली, मांडणीवरून दोन्ही हातांत मावतील तेवढी पुस्तकं उचला. उचलली. आणि थेट पहिल्या रांगेकडे निघाले.

"बाबा, दुसरी ओळ काय आहे?"

बाबांनी वाचलं. "मागच्या ओळीपासून सुरुवात करा." मग चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "मला वाटलं तुला पुढच्या म्हणायचंय."

"मला मागच्या म्हणायचंय. पुस्तकं नेहमी कमी पडतात. पुढे गाणारे बसतात, त्यांना गाणी पाठ असतात. नवीन माणूस मागे बसतो. दाराजवळ."

खिडकीशी चमचा ताटावर पडला. काका उठले, हात धुवायला म्हणून मागच्या दाराने गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

बाबा पुन्हा सुरू झाले. त्यांनी एक वाकडी खुर्ची सरळ केली. डिरेक्टरी उलटी होती ती सुलटी ठेवली. आजी बसलेल्या खुर्चीपाशी आल्यावर त्यांनी पुस्तक तिच्या हातात दिलं, तिने ते घेतलं, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

फिरकी जमिनीवर बसली. तिने तोंड गुडघ्यांत घातलं. रडत नव्हती, पण रडली असती तर बरं, अशी बसली होती.

"चिठ्ठी त्यांची थोडीच निघणार आहे," आई म्हणाली.

"निघाली तर?" फिरकी गुडघ्यांतूनच म्हणाली.

मग आजी आणि आत्या स्वयंपाकघरात गेल्या आणि दार लोटलं. बाबांना ऐकू आलं ते तुकड्यातुकड्याने. आत्या म्हणत होती की बाळ्याला, म्हणजे बाबांना, बघायला डोळे आहेत, ऐकायला कान आहेत. आजी म्हणत होती की खोकल्याला कोण आक्षेप घेणार. एकदा खोकलं की ‘सोड, पुढे जा’. दोनदा खोकलं की ‘थांब’. आई दारात जाऊन उभी राहिली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, की मी वॉर्डात असे खोकले ऐकलेत आणि त्यानंतर काय होतं तेही पाहिलंय. आजी म्हणाली, तू बाहेरून आलीस, तुला आमच्याकडची माया कळायची नाही. आजवर ती याच घरातली होती. त्या दुपारी ती बाहेरून आलेली झाली, आणि सगळी भांडी तिने एकटीने घासली.

बाबा मागच्या अंगणात गेले. काका बसच्या आरशासारखंच सायकलीचं हँडल पुसत होते.

"दादा, मला जमणार नाही."

"माहीत आहे."

"चूक दिसली की माझा हात आपोआप जातो. मी मुद्दाम नाही करत."

काकांनी फडकं झटकलं. "अण्णाही मुद्दाम करत नव्हते." पुन्हा हँडल पुसत म्हणाले, "तुला एक सांगू? त्यांनी हात वर केला असता ना, तर मला त्यांचा राग आला असता. आठवडाभर. जेमतेम आठवडा." आणि पुढे काही विचारू नये म्हणून त्यांनी सायकलीवर टांग टाकली.

*

चिठ्ठी काढली ती सिस्टरनी, मुख्य परीक्षक असलेल्या ननने. वयाने वाकलेल्या, आवाजाने ताठ. प्रोग्राममध्ये अर्धविराम विसरणाऱ्या मुलाला त्या शंभर मैलांवरून ओळखतात, अशी ख्याती. म्हणून मुलं त्यांना पाठीमागे सिस्टर अर्धविराम म्हणत. त्यांनी घडी उलगडली, चष्मा वर केला आणि वाचलं, "वडील."

भिंतीलगतच्या बाकांवर घरचे बसले होते; आत्याने पर्स उघडली.

बाबांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला आणि रिकामाच परत आला. फिरकी बाजूच्या स्टुलावर बसली होती, नियमाप्रमाणे पाठ ताठ, तोंड बंद. तिने बाबांकडे पाहिलं नाही. तिने आपल्या बुटांकडे पाहिलं. बाबांना वाटलं, डॉक्टर वाईट बातमी सांगायला येतो तेव्हा माणसं अशीच बुटांकडे बघतात.

प्रार्थनागृहाच्या उंच खिडक्यांतून ऊन खुर्च्यांच्या पाठींवर पडलं होतं. परीक्षकांनी खुर्च्यांत काय काय करून ठेवलं असेल देव जाणे. दरवर्षी वेगळं असे. एका खुर्चीला पाय कमी, एकीवर ओला रंग. बाबा कागद घेऊन मांडणीपाशी गेले.

पहिली ओळ वाचली. पुस्तकं उचलली.

दुसरी ओळ वाचली. मागच्या ओळीकडे गेले. पाय पुढच्या रांगेकडे वळू बघत होते. त्यांनी त्यांना मागे नेलं, बैल वळवावा तसं.

तिसरी: खुर्ची मोडकी असेल तर सोडा, पुढच्या खुर्चीकडे जा.

चौथी: खुर्चीच्या बैठकीवर एक पुस्तक ठेवा.

पाचवी: उजव्या हाताच्या पुढच्या खुर्चीकडे जा. ओळ संपली तर तिच्या पुढची ओळ धरा. पुस्तकं संपली तर थांबा. नाहीतर तिसऱ्या ओळीपासून पुन्हा.

एक खुर्ची. दुसरी. तिसरीचा पाय मोडका, सोडली. चौथी तिरकी होती आणि ती तिरकीच राहिली. त्यासाठी बाबांना दातावर दात ठेवावे लागले. कपाळावर घाम आला. रुमाल काढावा असं वाटलं, पण ‘रुमाल काढा’ असं कुठे लिहिलं होतं? घाम डोळ्यात गेला.

एवढ्यात मागचं दार किरकिरलं. कुणीतरी आत आलं, आणि आत येणारा कुठलाही शहाणा माणूस करील तेच त्याने केलं: दाराजवळच्या, मागच्या ओळीतल्या शेवटच्या खुर्चीवर अंग चोरून बसला.

काका. ड्रायव्हरच्या गणवेशात. टोपी मांडीवर.

हे परीक्षकांनी ठरवलेलं नव्हतं. कुणीच ठरवलेलं नव्हतं. जो माणूस येणार नाही असं शपथेवर सांगून बसला होता, तो आयत्या वेळी आला आणि नेमका पुतणीच्या कागदाच्या वाटेत बसला. असं यायला याच घरात जन्मावं लागतं.

बाबा पुस्तक ठेवत ठेवत त्याच दिशेने चालले होते. एक खुर्ची. आणखी एक. मग त्यांच्यापुढे खुर्ची नव्हती, भाऊ होता.

तिसरी ओळ वाचली. खुर्ची मोडकी नव्हती. चौथी वाचली. खुर्चीच्या बैठकीवर एक पुस्तक ठेवा. बैठक दिसत नव्हती.

आत्या खोकली. एकदाच, स्पष्ट. सोड, पुढे जा.

आजी खोकली. तिला कितीदा खोकायचं ते बहुधा आठवेना, म्हणून ती खोकतच राहिली. कुणीतरी तिला पाणी दिलं.

बाबांच्या हातात पुस्तक होतं आणि समोर माणूस होता. पुस्तक माणसाला द्यायचं, यात चूक ती काय? जगात कुणीही दिलं असतं. फिरकीलाही तेच म्हणायचं होतं, ती लिहायची राहिली एवढंच. एक शब्द सुटला होता. बाबांनी आयुष्यभर असे सुटलेले शब्द आपल्या हाताने भरले होते आणि कुणाला कळू दिलं नव्हतं. हात पुढे झाला. पुस्तकाची कड काकांच्या गुडघ्याजवळ आली.

काकांनी दोन्ही पंजे मांड्यांखाली घातले. शाळेत मास्तर छडी घेऊन आले की पोरं घालतात तसे. आणि ओठ न हलवता म्हणाले, "देऊ नकोस मला."

प्रार्थनागृहात पंख्याचा आवाज. फिरकीने आता मान वर केली होती. तिचा चेहरा कागदासारखा झाला होता. तिला चूक दिसली होती, आणि बाबांचा हातही दिसला होता.

बाबांनी पुस्तक छातीशी घेतलं. उजवा हात वर केला. तो वर जायला फार वेळ लागला, जणू त्याला कुणी खालून धरून ठेवलं होतं. आवाज फुटला तो गरजेपेक्षा मोठा.

"पुढे लिहिलेलं नाही."

मुलीची चूक. सगळ्यांच्या देखत, तिच्या बापाच्या तोंडून. मागे आजीने "अरे बाळ्या" म्हटलं आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं.

सिस्टर उठल्या. काठी टेकत टेकत मागच्या ओळीपर्यंत आल्या, काकांकडे पाहिलं, त्यांच्या गणवेशाकडे पाहिलं, आणि जरा जास्तच वेळ चेहऱ्याकडे पाहिलं. काकांनी मान खाली घातली नाही. एका परीक्षकाने विचारलं की या गृहस्थांना उठवून पुन्हा सुरुवात करायची का, कारण हा अडथळा आपला नव्हे.

"कंपनीत अडथळे काय आपले असतात?" सिस्टर म्हणाल्या. "बसू द्या. कागद मुलीला द्या."

फिरकीने कागद घेतला. पेन टेकवलं, उचललं. खुर्चीवर माणूस असेल तर, तिने लिहिलं, आणि थांबली. काय खोडलं, काय पुन्हा लिहिलं ते लांबून दिसत नव्हतं. बाबांचा वर केलेला हात तसाच होता. खाली करा असं कुणी सांगितलं नव्हतं. तो भरून आला. आई पुढच्या बाकावरून त्या हाताकडे बघत होती आणि तिच्या मुठीत लाल पेन्सिल इतकी घट्ट होती की नंतर तळव्यावर वळ दिसला.

कागद परत आला. बाबांनी मोठ्याने वाचलं. "हात वर असेल तर खाली करा."

कुणीतरी हसलं. सिस्टर हसल्या नाहीत, पण त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

"खुर्चीवर माणूस असेल तर पुस्तक त्याच्यापुढे धरा. त्याने घेतलं तर पाचव्या ओळीकडे जा. नाही घेतलं तरी पाचव्या ओळीकडे जा. त्याला कारण विचारू नका."

बाबांनी पुस्तक पुढे धरलं. काकांनी मांड्यांखालून हात काढले आणि घेतलं.

पुस्तकं पुढच्या दोन रांगांच्या अलीकडे संपली. लिहिल्याप्रमाणे बाबा थांबले. सिस्टरनी विचारलं, पुढच्या रांगा रिकाम्या का? आता बोलायची परवानगी होती. फिरकीने सांगितलं: गाणाऱ्यांना पाठ असतं, नवीन माणूस मागे बसतो. सिस्टर या वेळी तिच्याकडे बघत नव्हत्या. दाराजवळच्या खुर्चीकडे बघत होत्या.

"संगणक शाखा," त्या म्हणाल्या. "सोमवारी सकाळी प्रार्थनेला ये. तुझी चूक तू सांगायची. वडिलांनी सांगितली ती मोजायची नाही."

बाहेर येताना आजी बाबांशी बोलली नाही. आठवडाभर बोलली नाही. आत्याने खोकल्याच्या गोळ्या सगळ्यांना वाटल्या. फिरकी बाबांच्या शेजारून चालत होती. तिने त्यांचा दुखरा दंड दाबला, जरा जोरातच. आईने पेन्सिल परत केली तेव्हा बाबांनी ती खिशात न ठेवता हातातच धरली. काका फाटकापाशी थांबले आणि म्हणाले, माझी बस लागली असेल. बस लागली नव्हती. ते तिथेच उभे राहिले, फाटकाच्या आतल्या बाजूला, गीतांचं पुस्तक परत करायचं विसरून.

काकांच्या कागदावरची, आजोबांनी सुलटी केलेली ती ओळ अशी होती: मागच्या ओळीपासून सुरुवात करा.